खो द्यावा कोणाला?

मराठी भाषेने 'खो' ह्या शब्दावर थोडा अन्याय केला आहे, असे मला नेहमी वाटते. एखाद्याचे जमत आलेले लग्न फिसकटले, की 'मध्येच कोणी तरी खो घातला' असे आपण म्हणतो. कचेरीतली बढती हुकली, गावचा रस्ता मंजूर होता होता राहिला, भावाभावांतली समेटाची बोलणी मोडली, तरी दोष खोचाच. बोलण्याच्या भाषेत खो म्हणजे विघ्न, आडकाठी. आणि मैदानावर जाऊन पाहावे, तर खो म्हणजे एका गड्याने दुसऱ्या गड्याच्या पाठीला हात लावून त्याला दिलेली संधी! 'ऊठ, आता तुझी पाळी. मी थांबतो,' एवढा आशय त्या एका अक्षरात भरलेला असतो. वैऱ्याला खो घालतात आणि सवंगड्याला खो देतात. ह्या दिवाळीत मला दुसऱ्या खोविषयी लिहायचे आहे. कारण तो कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाही.

खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. तरीही शाळा सोडून ज्यांना बरीच वर्षे झाली, त्यांच्यासाठी त्याचे मर्म पुन्हा सांगितलेले बरे. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी. त्यांतले आठ जण दोन खांबांमधल्या पाटीवर, एकाचे तोंड ह्या बाजूला तर पुढच्याचे त्या बाजूला, असे बसतात. नववा धावतो. पळणाऱ्याला सगळे मैदान मोकळे. तो हवा तसा वळावा, दोन गड्यांच्या मधून सटकावा, हूल द्यावी, उलटा फिरावा. धावणाऱ्याच्या पायांत मात्र नियमांच्या बेड्या. त्याने एकदा दिशा धरली, की खांब गाठीपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही; आणि पाटी तर मधून मुळीच ओलांडता येत नाही. पळणारा पाटीच्या पलीकडे गेला, की हा अलीकडे हात चोळीत उभा! पण पलीकडे तोंड करून बसलेला गडी उठू शकतो. म्हणून त्याच्या पाठीला हात लावायचा आणि मोठ्याने 'खो' म्हणायचे. ज्याला वळता येत नाही त्याने दुसऱ्याला उठवायचे, ही ह्या खेळाची सगळी बुद्धी. ह्यापुढचा नियम सर्वांत साधा, आणि म्हणूनच कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही: ज्याने खो दिला, त्याने उठलेल्या गड्याच्या रिकाम्या जागी बसायचे.

ह्या खेळाला आता मोठे दिवस आले आहेत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात त्याचे नियम बांधले गेले. आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची जोपासना केली. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक सामने भरले तेव्हा त्या मंडळाचे पथक तेथे जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तिच्यात भारताचे पुरुष आणि महिला हे दोन्ही संघ अजिंक्य ठरले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघे कर्णधार महाराष्ट्राचेच. अभिमानाची गोष्ट आहे. पण माझा विषय हा नव्हे. निवडून घेतलेल्या, घोटून तयार केलेल्या संघात खो कोणाला द्यावा हा प्रश्न प्रशिक्षकाचा असतो. माझा प्रश्न दारव्ह्याच्या संध्याकाळचा आहे.

दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. मूर्तिजापूर आणि यवतमाळ ह्यांच्यामधली 'शकुंतला' आगगाडी येथे थांबे, तेव्हा दिवाळीची पाहुणेमंडळी तिच्या सवडीने उतरत. आता ती अरुंद रुळांची गाडी धावत नाही, मंडळी एस.टी.ने नाही तर मोटारीने येतात. येतात मात्र नेमाने. नागपूर, पुणे, मुंबई अशा गावी गेलेली मुले परततात, लेकी माहेरी येतात, आणि चार दिवस गावाची वस्ती वाढते. पाऊस संपून काळ्या मातीचे मैदान टणक झालेले असते. शेतात सोयाबीन निघालेले असते आणि कापसाच्या वेचणीला तोंड लागलेले असते. अशा दिवसांत ऊन उतरले, की कोणी तरी काठीने पाटी आखतो, दोन टोकांना दोन खांब रोवतो, आणि 'चला, गडी वाटून घ्या' अशी हाक देतो. ह्या संघात कोणाची निवड झालेली नसते. जो आला तो गडी. त्यात शाळेतली मुले-मुली असतात, कॉलेजातले दोघे-चौघे असतात, बँकेतला कारकून असतो, जिनिंगमधला हिशेबनीस असतो आणि 'आम्ही आमच्या वेळी' असे म्हणत धोतर खोचणारा एखादा आजोबाही असतो. ह्या खेळाला पंच नाही, ढाल नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. त्यामुळे ज्याची त्याची खेळण्याची रीत येथे जशी उघडी पडते, तशी दुसरीकडे कुठे पडत नाही.

पहिला असतो एकांडा शिलेदार. त्याला वाटते, गडी बाद करायचा तो आपणच. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत तो वाऱ्यासारखा धावतो, पुन्हा परततो. आणि बाकीचे आठ जण त्याची धाव पाहण्यासाठीच जणू मांडून ठेवलेले असतात. दुसरा नेमका उलट. उठला, दोन पावले टाकली, की लगेच खो. पाहणाऱ्याला वाटते, केवढा उदार गडी! वस्तुतः त्याला आपल्या हातून काही चुकण्याची धास्ती असते. आपल्या गळ्यातले लोढणे काढून तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, इतकेच. तिसरा मुकादम. तो बसल्या जागेवरून सगळ्यांना हुकूम सोडतो. स्वतःच्या पाठीवर खो पडला, तर मात्र ऐकायचे राहून गेलेले असते. चौथ्याला खांबावर सूर मारण्याची हौस. कोपरे सोलवटतात, बाया-बापडे 'अरे अरे' करतात, आणि त्या 'अरे अरे'साठीच तो जगत असतो. दोन हातांवर आलेला सोपा गडी सोडून तो अवघड गड्यामागे लागतो.

पाचव्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो चांगला बसतो. हे वाचून कोणी हसेल; पण ह्या खेळात नवांतले आठ जण सदा बसलेलेच असतात, तेव्हा हा खेळ धावण्याइतकाच बसण्याचा आहे. चांगला बसणारा एक पाय मागे रोवून बसतो. पळणारा कुठे आहे हे त्याला ठाऊक असते आणि आपला धावणारा किती दमला आहे हेही ठाऊक असते. खो कानांवर पडण्यापूर्वी तो तसूभरही हलत नाही आणि पडल्यावर क्षणभरही रेंगाळत नाही. रात्री घरी जेवताना त्याचे नाव कोणी काढीत नाही. पण दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तर डाव कुठे तरी सैल पडला आहे हे सर्वांना जाणवते.

ह्या रीतींची प्रतवारी लावण्याचा माझा विचार नाही. शिलेदाराच्या लांब धावेने पळणारा दमतो. भित्र्याच्या झटपट खोने तो गोंधळतो. सूर मारणाऱ्याच्या धाकाने तो खांबापासून दूर राहतो. आणि खरे सांगायचे, तर मुकादमाच्या आरडाओरड्याशिवाय खेळाला खेळाची कळाच येत नाही. घरात विळी असावी तसा खलबत्ताही असावा. विळीने कुटायला गेले, म्हणजेच पंचाईत होते. सवंगड्याची रीत ओळखून तिला जागा करून देणे, ही संघ ह्या शब्दाची पहिली पायरी आहे. तिथपर्यंत व्यवहारी मनुष्यही सहज येतो, कारण त्यात त्याचा फायदा असतो.

खरी परीक्षा पुढे आहे. नवांत एक जण असा निघतोच, की ज्याच्या रीतीचा काहीच फायदा नाही. तो अंगाने जड असेल, त्याला दम लागत असेल, किंवा त्याचा स्वभावच असा, की खो ऐकून तो आधी मागे वळून 'मला का?' असे पाहतो आणि मग उठतो. तोवर पळणारा दोन गडी ओलांडून गेलेला असतो. धावणारा त्याच्या पाठीशी येतो, क्षणभर थबकतो आणि पुढच्याकडे जातो. चुकून त्याने हात लावलाच, तर पाटीवरून ओरडा होतो, ''अबे, त्याले कायले देतं खो! मले दे ना!'' आठ दिवस रोज संध्याकाळी येऊन, धुळीत बसून, एकदाही न उठता घरी जाणारी माणसे मी पाहिली आहेत. ती तक्रार करीत नाहीत. हसत हसत जातात. नवव्या दिवशी येत नाहीत, आणि त्यांच्या न येण्याचे कारण कोणी विचारीत नाही.

मग त्याला खो द्यावा की नाही?

एक उत्तर आपल्या बाळपणानेच शोधून ठेवले आहे. धाकट्या भावंडाला खेळात घेतल्याशिवाय आई थोरल्यांना सोडत नसे, तेव्हा थोरल्यांनी तोड काढली: त्याला 'कच्चे लिंबू' करायचे. तो पळेल, ओरडेल, मिरवेल. पण तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याने बाद केले तरी कोणी बाद नाही. चार वर्षांच्या मुलाला ही व्यवस्था फार सुखाची असते, आणि तिच्यात मायाही आहे. पण हीच माया आपण चाळीस वर्षांच्या माणसाला दाखवू लागलो, म्हणजे तिचा रंग बदलतो. डाव हातात आला आहे, शेवटचा गडी दमून उभा आहे, अशा वेळी 'दे रे त्यालाही एकदा' म्हणून दिलेला खो हा खो नव्हे. तो शिधा आहे. घेणाऱ्याला तो ओळखू येतो. ज्याची चूक कोणी मोजीत नाही, त्याचे यशही कोणी मोजणार नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. वगळणे आणि लाड करणे ह्या दोन गोष्टी उलट दिसल्या, तरी दोहोंचा अर्थ एकच: तू आहेस काय आणि नाहीस काय, आमच्या डावाला फरक पडत नाही.

तेव्हा खो द्यायचा तो फरक पडणार असेल तेव्हा. पळणारा त्याच्याच समोरून जात आहे, नियमाने त्याचीच पाळी आहे, दुसऱ्या कोणाला शोधीत बसलो तर ते केवळ त्याला टाळण्यासाठी होईल, अशा क्षणी त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. मग तो आपल्या रीतीने उठेल. कदाचित उशिरा उठेल. कदाचित गडी निसटेल. हे सगळे ठाऊक असून दिलेला खो तोच खरा. काही हुशार माणसे येथे सांगतील, की असे केल्याने शेवटी संघाचाच लाभ होतो; कारण एका गड्याला कधीच खो मिळत नाही हे चतुर पळणाऱ्याच्या ध्यानात येते, आणि तो त्या जागेसमोर खुशाल विसावा घेतो. हे खरे आहे. पण मी ह्या युक्तिवादाचा आधार घेणार नाही. कारण काही वेळा लाभ होत नाही. काही वेळा त्याला खो दिल्यामुळेच डाव जातो. न्याय केल्याने नेहमी फायदाच होत असता, तर न्यायी माणसाचे कौतुक कशाला झाले असते?

पुण्याला नोकरी करणाऱ्या आणि दिवाळीला घरी आलेल्या एका तरुणाने मला ह्याच जातीचा एक परका खेळ समजावून सांगितला. प्लॅस्टिकच्या तबकडीचा हा खेळ. त्याला 'अल्टिमेट फ्रिस्बी' म्हणतात. १९६८ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या मेपलवूड गावच्या एका शाळेत मुलांनी तो सुरू केला, आणि आता आपल्याकडे पुणे, मुंबई, चेन्नई अशा शहरांतही त्याचे हौशी संघ आहेत. मुले-मुली एकत्र खेळतात. एका बाजूला सात जण. ज्याच्या हातात तबकडी आहे, त्याने ती घेऊन धावायचे नाही. जागेवर उभे राहून दहा सेकंदांच्या आत ती दुसऱ्याकडे फेकायची. आपल्या खोची ही दूरची बहीणच म्हणावयाची: येथेही जवळ आहे ते दिल्यावाचून पुढे जाता येत नाही.

ह्या खेळाची आणखी एक तऱ्हा आहे. त्याला पंच नाही. जागतिक अजिंक्यपदाच्या सामन्यांतही नाही. चूक झाली, तर ज्याला लागली त्याने सांगायची आणि ज्याच्याकडून झाली त्याने मान्य करायची. मतभेद राहिला, तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत देऊन तेवढा खेळ पुन्हा खेळायचा. सामना संपल्यावर दोन्ही संघ एक गोल करून उभे राहतात, आणि प्रत्येक संघ दुसऱ्याच्या खेळकर सचोटीला गुण देतो. आमच्याकडे रडीचा डाव खेळणाऱ्याला चार जण मिळून गप्प करतात. तिकडे ज्याचे त्याने गप्प व्हायचे असते, एवढाच फरक. अशा ह्या खेळाच्या जागतिक महासंघाला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१५ साली मान्यताही दिली.

मी त्या तरुणाला विचारले, ''मग तुमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने चालत असेल?'' तो हसला. म्हणाला, ''काका, पंच नाही म्हणून भांडण कमी होते, हे खरे. पण आमच्यातही एक जण असतोच, की जो प्रत्येक वेळी लांबच फेकतो. एक असतो, की जो जवळच्याशिवाय कोणाला देतच नाही. आणि एक जण सगळे मैदान धावून मोकळ्या जागी हात वर करून उभा असतो. त्याच्याकडे तबकडी कधी येतच नाही. नियमाचा भंग कोणीच केलेला नसतो.''

त्याचे शेवटचे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. प्रतिपक्षाशी कसे वागावे हे नियम सांगतात. आपल्याच गड्याशी कसे वागावे हे कोणताच नियम सांगत नाही. प्रतिपक्षाला धक्का दिला, तर दाद मागता येते. आपल्याच गड्याला विसरलो, तर त्याने दाद कोणाकडे मागायची? येथे पंच असून उपयोग नाही आणि नसून बिघडत नाही. हा न्याय ज्याच्या हातात त्या क्षणी डाव आहे त्याच्याकडेच असतो, आणि तो त्याने धावता धावता करायचा असतो.

ह्यावर एक आक्षेप मोलाचा आहे. बाकीचे आठ जणही आपला वेळ काढून आलेले असतात. त्यांना चुरशीचा खेळ हवा असतो. एकाचे मन राखण्यासाठी आठांच्या रंगाचा बेरंग करणे हा कुठला न्याय? शिवाय जिंकण्याची इच्छाच सोडून दिली, तर समोरच्या संघाचाही तो अपमान आहे. जो मनापासून पाठलाग करीत नाही, त्याच्यापुढे पळण्यात गंमत कसली? मला हे सगळे मान्य आहे. जिंकण्यासाठीच खेळावे, नाही तर खेळू नये. परंतु कोणी जिंकण्यासाठी? निवड करून उभा केलेला संघ असेल, तर तेथे निवडीच्या वेळीच प्रश्न मिटलेला असतो. 'या, सगळे या' अशी हाक देऊन गोळा केलेल्या संघात मात्र संघ आधी आणि डाव मागून. हाक सर्वांना आणि खो चौघांना, ही फसवणूक होते. आठांना चुरस हवी असेल, तर ती नवांची चुरस असली पाहिजे.

ह्याची दुसरी बाजूही तितकीच खरी. खोवर हक्क सांगणाऱ्यानेही काही देणे लागते. त्याने नीट बसले पाहिजे. पाठीला हात लागला तर उठण्याची तयारी पाहिजे, आणि चुकले तर 'मला तरी कशाला दिलास' असे म्हणून देणाऱ्याला ओशाळे करू नये. पाय जड असणे हा दोष नव्हे. लक्ष नसणे हा मात्र दोष आहे. आठांनी त्याच्या पायांना क्षमा करावी आणि त्याच्याकडून लक्षाची मागणी करावी. ही मागणी करणे हाच त्याचा मान आहे. कच्च्या लिंबाकडून कोणी कसलीच मागणी करीत नाही.

दिवाळीत घर भरते, तेव्हा मला ही पाटी घरातही आखलेली दिसू लागते. येथे एकांडे शिलेदार आहेत: पहाटेच्या उटण्यापासून भाऊबिजेच्या ताटापर्यंत सगळे स्वतः करणाऱ्या आणि 'मेलं, कोणी हात लावत नाही' म्हणणाऱ्या गृहिणी आहेत, त्यांनी करंजीची कातण कोणाच्या हाती लागू दिलेली नसते. येथे मुकादम आहेत. ते बहुधा आरामखुर्चीत असतात. आणि येथे कच्ची लिंबेही आहेत. नव्या सुनेला 'तुला काय वाटतं गं?' असे विचारतात, आणि पडद्याचा रंग आधीच ठरलेला असतो. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना 'तुम्ही आता आराम करा, बाबा' असे म्हणतात. त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही, आणि कोणी उचलतही नाही. घरातला एखादा भाऊ, धंद्यात बसलेला, हसत हसत फराळ करतो आणि महत्त्वाची बोलणी सुरू झाली की आपणहून उठून मुलांबरोबर फटाके उडवायला जातो. कोणीही त्याचा अपमान केलेला नसतो. नियमाचा भंग कोणीच केलेला नसतो.

आणि मुलाला खो देऊन जागेवर न बसणारे बाप तर आमच्या भागात घरोघर आहेत. शेत मुलाच्या हाती सोपवले, असे ते चार लोकांत सांगतात. मुलगा कपाशीऐवजी तूर पेरायचे ठरवतो, की हे बांधावर हजर! मुलगा पुढे धावतो आहे आणि बाप त्याच्या मागून धावतो आहे, असा देखावा होतो. खो-खोत हे चालत नाही. खो दिला, की त्याच्या जागी बसावे लागते. देणाऱ्याने बसल्याशिवाय देणे पुरे होत नाही. दुसरा आपल्या रीतीने धावणार, आपण धावलो असतो तसा नव्हे, आणि ते आपण धुळीत बसून पाहायचे. माणसाला आपले धन देणे त्या मानाने सोपे जाते. दुसऱ्याला त्याच्या रीतीने चुकू देणे फार अवघड जाते.

पण बसणे म्हणजे संपणे नव्हे, हेही त्याच नियमात आहे. जो बसला, त्याच्या पाठीवरही केव्हा तरी हात पडतो. तोवर एक पाय मागे रोवून बसावे, समोर कोण पळतो आहे ते पाहावे, आपला धावणारा किती दमला आहे ते ओळखावे. दारव्ह्याच्या मैदानावर अंधार पडू लागला, की चेहरे दिसेनासे होतात. धावणाऱ्याला समोर नुसत्या पाठी दिसतात, आणि कोणती पाठ कोणाची हे त्याला नीटसे कळत नाही. त्या वेळी खो सर्वांना मिळतो. मला वाटते, दिवसाउजेडीही आपण तेवढेच करावे.